अमली पदार्थ नियंत्रण आणि मानवी हक्क : अमेरिका-मेक्सिको शासकीय धोरणाचा ऐतिहासिक आढावा (१९४०-२०२५)

प्रस्तावना

शेजारी राष्ट्रांच्या परस्परसंबंधांचा इतिहास लिहिताना युद्धे, तह, व्यापार आणि स्थलांतर या विषयांना साहजिकच अग्रस्थान मिळते. अमली पदार्थांचे नियंत्रण हा विषय मात्र पोलीस प्रशासनाचा किंवा गुन्हेगारीशास्त्राचा समजून बाजूला ठेवला जातो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (यापुढे ‘अमेरिका’) आणि मेक्सिको यांच्याबाबतीत असे करणे इतिहासावर अन्याय करणारे ठरेल. सुमारे ३,१०० किलोमीटर लांबीची सामाईक सीमा असलेल्या या दोन राष्ट्रांचे संबंध गेल्या आठ दशकांत ज्या प्रश्नावरून वारंवार विकोपाला गेले, त्यांत अमली पदार्थांचा प्रश्न प्रमुख आहे. याच प्रश्नाच्या निमित्ताने एका राष्ट्राने दुसऱ्याची सीमा जवळपास बंद केली, दुसऱ्याच्या भूमीवरून माणूस पळवून नेला, आणि दुसऱ्याच्या सैन्याने आपल्याच नागरिकांशी कसे वागावे याच्या अटी पैशाबरोबर पाठविल्या.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, या द्विपक्षीय धोरणाची जडणघडण कोणत्या दबावातून झाली? दुसरा, मानवी हक्कांचा विचार या धोरणात केव्हा आणि कोणत्या स्वरूपात आला? तिसरा, त्याचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला? लेखाचे प्रतिपादन असे की, मानवी हक्कांची अट आर्थिक मदतीला जोडली गेली. ज्या धोरणातून हक्कभंग उद्भवत होता त्या धोरणाच्या रचनेला ती कधीच जोडली गेली नाही. त्यामुळे कायद्यात जे टिकाऊ बदल झाले ते दोन सरकारांच्या करारांपेक्षा पीडितांच्या नातेवाइकांनी चालविलेल्या दीर्घ लढ्यांतून झाले.

असमान शेजार आणि १९४० चा प्रयोग

१८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोने आपला जवळपास निम्मा भूप्रदेश गमावला. १९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी सैन्य पुन्हा मेक्सिकोच्या हद्दीत शिरले. या दोन घटना मेक्सिकोच्या राजकीय स्मृतीत खोलवर रुजल्या आहेत. ‘सार्वभौमत्व’ हा शब्द मेक्सिकोचे राज्यकर्ते इतक्या वेळा का उच्चारतात, हे या पार्श्वभूमीशिवाय समजत नाही.

मेक्सिकोने १९२० मध्येच गांजावर बंदी घातली होती. म्हणजे बंदीचे धोरण सर्वस्वी बाहेरून लादले गेले असे म्हणता येत नाही. तथापि मेक्सिकोने वेगळी वाट चोखाळण्याचा प्रयत्न केला तेव्हा काय घडले, हे पाहणे उद्बोधक आहे. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत डॉ. लिओपोल्दो सालासार विनिएग्रा या मनोविकारतज्ज्ञांनी व्यसनी व्यक्तीकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहावे, असा आग्रह धरला. त्यानुसार १९४० च्या प्रारंभी नवी नियमावली अमलात आली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यसनी व्यक्तींना सरकारी दवाखान्यांतून अल्प दरात मॉर्फिन मिळू लागले. काळ्या बाजाराचा आधारच काढून घ्यावा, हा त्यामागील हेतू होता.

अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्स्लिंगर यांना हे मान्य नव्हते. अमेरिकेने मेक्सिकोला होणारी मादक औषधांची निर्यात रोखली. त्यामुळे रुग्णालयांतील वेदनाशामक औषधांच्या पुरवठ्यावरच गदा येण्याची चिन्हे दिसू लागली. अवघ्या काही महिन्यांत, १९४० च्या उन्हाळ्यात, मेक्सिकोने ही नियमावली स्थगित केली आणि महायुद्धामुळे औषधे मिळणे कठीण झाल्याचे कारण अधिकृतपणे पुढे केले. व्यसनी माणसाच्या आरोग्याच्या हक्काचा विचार करणारा हा प्रयोग स्वतःच्या गुणदोषांवर तपासला जाण्यापूर्वीच संपला. पुढील आठ दशकांचा नमुना येथेच तयार झाला: धोरण मेक्सिकोत राबवायचे, पण त्याच्या मर्यादा वॉशिंग्टनमध्ये ठरवायच्या, आणि दबावाचे साधन म्हणून व्यापाराचा वापर करायचा.

सीमेचा शस्त्र म्हणून वापर : १९६९

२१ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या प्रशासनाने ‘ऑपरेशन इंटरसेप्ट’ सुरू केले. मेक्सिकोहून येणारे प्रत्येक वाहन आणि प्रत्येक प्रवासी कसून तपासण्याचा आदेश निघाला. सीमेवरील नाक्यांवर मैलोन्‌मैल रांगा लागल्या. शेतमाल वाहनांतच नासू लागला. सीमेपलीकडे रोज कामाला जाणाऱ्या हजारो मजुरांचा रोजगार बुडाला. अमली पदार्थ मात्र फारसे हाती लागले नाहीत.

वरवर पाहता ही मोहीम अयशस्वी ठरली. परंतु तिचा खरा उद्देश गांजा पकडणे हा नव्हता. मेक्सिकोच्या सरकारला वठणीवर आणणे हा होता, हे त्या मोहिमेच्या आखणीत सहभागी असलेल्या अधिकाऱ्यांनीही नंतर मान्य केले. सुमारे तीन आठवड्यांनी, १० ऑक्टोबर रोजी, मोहीम मागे घेण्यात आली आणि तिच्या जागी ‘ऑपरेशन को-ऑपरेशन’ हे नाव आले. ज्या सहकार्याला हे नाव दिले गेले त्याचा जन्म नाकेबंदीतून झाला होता. या सहकार्याच्या अटींत उभय देशांच्या नागरिकांच्या हक्कांविषयी काही असावे, असे त्या वेळी कोणालाही सुचले नाही.

कॉन्डोर मोहीम आणि पॅराक्वाटचा वाद

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी तुर्कस्तानने अफूच्या लागवडीवर बंदी घातली आणि फ्रान्समार्गे होणारा हेरॉईनचा पुरवठा विस्कळीत झाला. मागणी मात्र कायम राहिली. ती पुरविण्याचे काम मेक्सिकोच्या वायव्येकडील सिनालोआ, दुरांगो आणि चिवावा या राज्यांच्या डोंगराळ भागाकडे आले. एका ठिकाणी पुरवठा दाबला की तो दुसरीकडे डोके वर काढतो, हा या व्यापाराचा नियम पुढेही वारंवार प्रत्ययास आला.

जानेवारी १९७७ मध्ये मेक्सिकोच्या सैन्याने याच डोंगराळ भागात ‘ऑपरेशन कॉन्डोर’ सुरू केले. (दक्षिण अमेरिकेतील लष्करी राजवटींच्या त्याच नावाच्या दडपशाहीशी तिचा घोटाळा करू नये.) मोहिमेचे नेतृत्व जनरल होसे एर्नांदेस तोलेदो यांच्याकडे होते. १९६८ मध्ये मेक्सिको शहरातील त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला त्या वेळी तेथील सैनिकी तुकडीचे नेतृत्व करणारे अधिकारी ते हेच. हजारो सैनिक डोंगरांत उतरले. अमेरिकेने पुरविलेली हेलिकॉप्टरे आणि विमाने यांच्या साहाय्याने अफूवर २,४-डी आणि गांजावर पॅराक्वाट या तणनाशकांची फवारणी झाली.

अमेरिकेच्या दृष्टीने ही मोहीम यशस्वी होती. मेक्सिकन हेरॉईनचा पुरवठा काही काळ घटला. डोंगरातील खेड्यांनी मात्र तिची वेगळी किंमत मोजली. घरांच्या झडत्या, सरसकट अटका आणि कबुलीजबाबासाठी छळ यांच्या तक्रारी येऊ लागल्या. कुलिआकान येथील वकिलांच्या संघटनेने तुरुंगातील कैद्यांच्या जबान्या घेऊन छळाचे प्रकार नोंदविले. अनेक वाड्या ओस पडल्या आणि तेथील कुटुंबे शहरांच्या कडेच्या वस्त्यांत विसावली. मोठे व्यापारी त्यापूर्वीच ग्वादालाहारा या महानगरात स्थलांतरित झाले होते. मोहिमेचा मार बसला तो प्रामुख्याने शेतमजूर आणि अल्पभूधारक यांना.

याच सुमारास अमेरिकी काँग्रेसमध्ये या मोहिमेवर जोरदार चर्चा झाली; परंतु तिचा विषय छळ हा नव्हता. पॅराक्वाट फवारलेला गांजा अमेरिकेत पोहोचला तर तो ओढणाऱ्या अमेरिकी तरुणांच्या फुफ्फुसांना इजा होईल, ही चिंता तेथे व्यक्त झाली. इलिनॉयचे सिनेटर चार्ल्स पर्सी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा फवारणीसाठी मदत देण्यावर बंधन आले. १९८१ मध्ये ते उठविण्यात आले. या द्विपक्षीय मोहिमेला लागलेली आरोग्यविषयक अट ही अशी होती: तिने संरक्षण मागितले ते ग्राहकासाठी. फवारणीखाली राहणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा कुलिआकानच्या तुरुंगातील कैद्याचा तिच्यात उल्लेख नव्हता. ही गोष्ट कोणा एका सिनेटरच्या हेतूंची नाही. प्रत्येक लोकप्रतिनिधी आपल्या मतदाराचा विचार करतो. प्रश्न असा की, ज्या माणसाला धोरण ठरविणाऱ्या संसदेत मत नाही, त्याचा विचार कोणी करावयाचा?

कामारेना प्रकरण, प्रमाणीकरण आणि राष्ट्रीय आयोग

७ फेब्रुवारी १९८५ रोजी अमेरिकेच्या अमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासनाचे (डीईए) अधिकारी एन्रिके कामारेना यांचे ग्वादालाहारा येथे अपहरण झाले. अनन्वित छळानंतर त्यांची हत्या झाली आणि मार्चमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. कॉन्डोर मोहिमेतून निसटून ग्वादालाहाऱ्यात स्थिरावलेल्या टोळीनेच हे कृत्य केले होते, आणि तिला मेक्सिकोच्या पोलीस यंत्रणेतील अधिकाऱ्यांचे संरक्षण होते. अमेरिकेने फेब्रुवारी महिन्यातच सीमेवरील तपासणी इतकी कडक केली की १९६९ ची आठवण व्हावी.

या प्रकरणाचे दोन दूरगामी परिणाम झाले. पहिला म्हणजे १९८६ च्या कायद्याने आलेली ‘प्रमाणीकरण’ पद्धती. उत्पादक आणि वाहतूक मार्गावरील देश अमेरिकेला पुरेसे सहकार्य करतात की नाही, याचा निवाडा दरवर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष करू लागले. प्रतिकूल निवाडा झाल्यास मदत थांबणार आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांत अमेरिका त्या देशाच्या कर्जाविरुद्ध मतदान करणार, अशी तरतूद होती. (प्रमुख देशांच्या या वार्षिक यादीत भारताचेही नाव सातत्याने येत राहिले आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.) निवाड्याच्या केंद्रस्थानी होते ते नष्ट केलेले पीक, जप्त केलेला साठा, अटका आणि प्रत्यार्पण. मानवी हक्कांना त्यात निर्णायक स्थान नव्हते.

या पद्धतीतील विसंगती १९९७ मध्ये उघडी पडली. मेक्सिकोच्या अमली पदार्थविरोधी संस्थेचे प्रमुख म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये नेमले गेलेले जनरल हेसूस गुतिएरेस रेबोयो यांच्या सचोटीची अमेरिकेच्या संबंधित उच्चाधिकाऱ्यांनी जाहीर वाखाणणी केली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांना एका टोळीप्रमुखाला संरक्षण दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. तरीही त्या वर्षी मेक्सिकोला प्रमाणपत्र मिळाले. कोलंबियाला मात्र नाकारले गेले. उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार १९९४ पासून अमलात होता. त्या करारातील भागीदाराला दोषी ठरविणे वॉशिंग्टनला परवडणारे नव्हते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

दुसरा परिणाम न्यायालयात दिसला. कामारेना यांच्या छळात सहभाग असल्याच्या आरोपावरून उंबेर्तो आल्वारेस माचाइन या मेक्सिकन डॉक्टरांना एप्रिल १९९० मध्ये ग्वादालाहारा येथून पळवून टेक्सासमध्ये आणण्यात आले. उभय देशांत प्रत्यार्पणाचा करार असूनही त्याचा अवलंब झाला नाही. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, अशा अपहरणामुळे आरोपीवर खटला चालविण्याचा अमेरिकी न्यायालयाचा अधिकार नष्ट होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कनिष्ठ न्यायालयाने पुराव्याअभावी त्यांची मुक्तता केली. मेक्सिकोत या निर्णयाची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि परदेशी अधिकाऱ्यांच्या हालचालींवर नवे निर्बंध आले.

याच काळात मेक्सिकोच्या अंतर्गत राजकारणात एक महत्त्वाची घटना घडली. २१ मे १९९० रोजी कुलिआकान येथे मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या वकील नॉर्मा कोरोना सापिएन यांची हत्या झाली. पोलीस अधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या गुन्ह्यांचा त्या पाठपुरावा करीत होत्या. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींच्या उंबरठ्यावर असलेल्या राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांच्या सरकारवर देशांतर्गत आणि बाह्य टीकेचा दबाव वाढला. ६ जून १९९० रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची स्थापना झाली. १९९२ मध्ये त्याला घटनात्मक आधार मिळाला. ज्या शहरातील वकिलांनी कॉन्डोर मोहिमेतील छळ नोंदविला होता, त्याच शहरातील एका वकिलाच्या बलिदानाच्या पाठोपाठ हा आयोग अस्तित्वात आला.

मेरिदा उपक्रम आणि पंधरा टक्के

डिसेंबर २००६ मध्ये सत्तेवर येताच राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकान राज्यात हजारो सैनिक व केंद्रीय पोलीस पाठविले. गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध सैन्याचा वापर हेच धोरणाचे मुख्य सूत्र बनले. मार्च २००७ मध्ये युकातानमधील मेरिदा शहरात जॉर्ज बुश आणि काल्देरोन यांची भेट झाली, आणि ऑक्टोबरमध्ये ‘मेरिदा उपक्रम’ जाहीर झाला. मेक्सिको आणि मध्य अमेरिका यांना तीन वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलर्सची मदत देण्याचा हा प्रस्ताव होता. २००८ च्या पहिल्या हप्त्यात मेक्सिकोसाठी ४० कोटी डॉलर्स मंजूर झाले. हेलिकॉप्टरे, टेहळणीची विमाने आणि तपासणीची उपकरणे यांवर सुरुवातीचा भर होता.

या टप्प्यावर मानवी हक्कांची अट प्रथमच द्विपक्षीय धोरणात ठळकपणे आली. तिची पूर्वपीठिका १९९७ पासून लागू झालेल्या ‘लेही कायद्या’त होती. व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यानुसार, गंभीर हक्कभंगाबद्दल विश्वसनीय माहिती असलेल्या परदेशी सुरक्षा पथकाला अमेरिकी मदत देता येत नाही. मेरिदा उपक्रमात आणखी एक पाऊल टाकले गेले. काही मदतीपैकी पंधरा टक्के रक्कम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चार बाबींवर अहवाल दिल्याखेरीज खर्च करता येणार नव्हती. त्या बाबी अशा: पोलिसांचे उत्तरदायित्व, नागरी संघटनांशी विचारविनिमय, हक्कभंग करणाऱ्या पोलीस व सैनिकांची चौकशी व खटले, आणि छळाने मिळविलेल्या कबुलीजबाबावरील बंदीची अंमलबजावणी.

मूळ मसुद्यातील अटी अधिक कडक होत्या. मेक्सिकोच्या सरकारने सार्वभौमत्वाचा मुद्दा पुढे करून मदतच नाकारण्याचा इशारा दिला, तेव्हा त्या सौम्य झाल्या. येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. हेलिकॉप्टर स्वीकारताना सार्वभौमत्व आड आले नाही. छळाची चौकशी करण्याची अट आली तेव्हा ते आड आले. दुसऱ्या बाजूने पाहता, अट घालणाऱ्या राष्ट्राची नैतिक भूमिकाही निर्दोष नव्हती. ग्वांतानामो येथील बंदिवासामुळे त्याच वर्षांत अमेरिकेवर जगभर टीका होत होती, आणि मेक्सिकोचे टीकाकार ते दाखवून देत होते.

अटींचा वापर कसा झाला? मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सैन्याविरुद्ध आलेल्या तक्रारी २००६ मध्ये १८२ होत्या. २००८ मध्ये त्या १,२३० आणि २००९ मध्ये १,७९१ झाल्या. २००९ मध्ये सिनेटर लेही यांनी अहवालावर आक्षेप घेतला तेव्हा निधी काही काळ अडला, आणि नंतर मोकळा झाला. २०१० मध्ये परराष्ट्र खात्याने सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर्स रोखून धरले. जून २०१४ मध्ये त्लात्लाया येथे सैन्याच्या कारवाईत २२ जण ठार झाले, आणि त्यांतील किमान १२ जणांना शरण आल्यानंतर मारण्यात आल्याचा निष्कर्ष राष्ट्रीय आयोगाने काढला. सप्टेंबर २०१४ मध्ये आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातील ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले. त्यानंतर २०१५ मध्ये परराष्ट्र खात्याने अनुकूल अहवाल देण्याचे टाळले. परिणामी सुमारे ५० लाख डॉलर्स मेक्सिकोऐवजी पेरूकडे, कोकाच्या पिकाच्या निर्मूलनासाठी, वळविण्यात आले.

हा शेवटचा तपशील विचार करण्याजोगा आहे. हक्कभंगाबद्दल रोखलेला पैसा हक्कभंग झालेल्या कुटुंबांकडे गेला नाही. दुसऱ्या देशातील पीक नष्ट करण्याकडे गेला. अट मोडल्यास मोहिमेचा आकार थोडा घटत होता वा तिचे ठिकाण बदलत होते. मोहीम तीच राहत होती.

तरीही अटी सर्वस्वी निरुपयोगी होत्या असे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांच्यामुळे परराष्ट्र खात्याला दरवर्षी लेखी अहवाल द्यावा लागला, मेक्सिकोतील हक्क संघटनांना वॉशिंग्टनमध्ये म्हणणे मांडता आले, आणि हक्कभंगाची चर्चा अधिकृत कागदपत्रांत आली. पुढे उपक्रमाचा भर उपकरणांकडून न्यायसंस्थेच्या सुधारणेकडे काही प्रमाणात वळला. २००८ च्या घटनादुरुस्तीने मेक्सिकोत तोंडी व खुल्या खटल्यांची पद्धती स्वीकारली गेली होती. तिला या निधीचे साहाय्य झाले. परंतु त्याच घटनादुरुस्तीने संघटित गुन्हेगारीच्या संशयितास आरोपपत्राशिवाय ८० दिवसांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूदही घटनेत आणली. ही तरतूद मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०२२ च्या निकालात स्पष्ट केले.

पीडितांचा मार्ग

टिकाऊ बदलाचा उगम अन्यत्र होता. ऑगस्ट १९७४ मध्ये ग्वेरेरो राज्यात रोसेंदो रादिया पाचेको यांना लष्करी नाक्यावर बसमधून उतरवून घेण्यात आले. ते आतोयाक गावाचे माजी नगरप्रमुख होते आणि बंडखोर नेत्यावर पोवाड्यासारखी लोकगीते रचणारे शाहीर म्हणून ओळखले जात. ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांची मुलगी तिता आणि अन्य नातेवाइकांनी तीन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला. देशातील सर्व दरवाजे बंद झाल्यावर प्रकरण आंतर-अमेरिकी न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबर २००९ च्या निकालात न्यायालयाने मेक्सिकोला दोषी ठरविले आणि नागरिकांविरुद्धच्या हक्कभंगाचे खटले लष्करी न्यायालयांत चालविता येणार नाहीत, असे बजावले.

पुढील वर्षी त्याच न्यायालयाने रोदोल्फो मोन्तिएल आणि तेओदोरो काब्रेरा यांच्या प्रकरणात निकाल दिला. ग्वेरेरोतील जंगलतोडीला विरोध करणाऱ्या या दोन शेतकऱ्यांना सैन्याने मे १९९९ मध्ये पकडले होते. क्रूर वागणूक देऊन त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आले आणि त्यांच्यावर शस्त्रे बाळगल्याचे व अमली पिकाचे आरोप ठेवण्यात आले. त्यांच्या वकील दिग्ना ओचोआ यांचा ऑक्टोबर २००१ मध्ये गोळी लागून मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच दोघांची सुटका झाली. अमली पदार्थविरोधी कारवाई हे निमित्त अन्य हेतूंसाठी किती सहज वापरता येते, याचे हे प्रकरण उदाहरण आहे.

या निकालांची परिणती महत्त्वाची आहे. जून २०११ मध्ये मेक्सिकोने घटनादुरुस्ती करून आंतरराष्ट्रीय करारांतील मानवी हक्कांना घटनात्मक दर्जा दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रादिया निकाल बंधनकारक मानला. २०१४ मध्ये लष्करी न्यायसंहितेत दुरुस्ती होऊन नागरिकांविरुद्धचे सैनिकांचे गुन्हे मुलकी न्यायालयांकडे आले. मेरिदा उपक्रमाच्या अटी अहवालांतून जे मागत राहिल्या, ते एका कुटुंबाच्या चिकाटीने न्यायालयातून मिळविले.

२०११ मध्ये मुलाच्या हत्येनंतर कवी हाविएर सिसिलिया यांनी उभारलेली शांतता चळवळही याच परंपरेतील. तिच्या दबावातून जानेवारी २०१३ मध्ये पीडितांसाठीचा सर्वसाधारण कायदा झाला. २०१२ मध्ये या चळवळीने कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टनपर्यंत यात्रा काढली आणि अमली पदार्थांची मागणी व बंदुकांची मुक्त विक्री यांचा जाब अमेरिकी जनतेला विचारला. अमेरिकेत विशिष्ट लष्करी धर्तीच्या बंदुकांवरील बंदीची मुदत २००४ मध्ये संपली होती. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी मार्च २००९ मधील दौऱ्यात ही सामाईक जबाबदारी मान्य केली. तथापि तिला कोणतीही टक्केवारीची अट जोडली गेली नाही. शस्त्र कंपन्यांविरुद्ध मेक्सिकोने २०२१ मध्ये दाखल केलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एकमताने फेटाळला.

मेरिदानंतर

मेरिदा उपक्रमाचे मेक्सिकोतील प्रमुख सहकारी, २००६ ते २०१२ या काळातील सार्वजनिक सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना, यांना सिनालोआ टोळीला साहाय्य केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरविले आणि २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली. गुतिएरेस रेबोयो प्रकरणाची ही पुनरावृत्तीच होती. ऑक्टोबर २०२० मध्ये माजी संरक्षणमंत्री जनरल साल्वादोर सिएनफुएगोस यांना लॉस एंजेलिस येथे अटक झाली. मेक्सिकोने सहकार्य थांबविण्याचा इशारा दिल्यावर आरोप मागे घेऊन त्यांना परत पाठविण्यात आले, आणि जानेवारी २०२१ मध्ये मेक्सिकोने चौकशी बंद केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरिदा उपक्रमाची जागा ‘द्विशताब्दी आराखड्या’ने घेतली. त्यात सार्वजनिक आरोग्य आणि शस्त्रांची तस्करी यांचा उल्लेख आला. पण २०२४ च्या घटनादुरुस्तीने मेक्सिकोचे राष्ट्रीय रक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे सोपविले गेले.

२०२५ मध्ये जुने साधन पुन्हा बाहेर आले. फेंटानिल आणि स्थलांतर ही कारणे देऊन अमेरिकेने मेक्सिकन मालावर आयातशुल्क लादले आणि फेब्रुवारीत काही टोळ्यांना दहशतवादी संघटना घोषित केले. मेक्सिकोने दहा हजार रक्षक सीमेवर पाठविले. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी २९ कैदी अमेरिकेच्या हवाली केले. त्यांत कामारेना प्रकरणातील राफाएल कारो किन्तेरो हाही होता. हे हस्तांतर नेहमीच्या प्रत्यार्पण प्रक्रियेबाहेर झाले. १९९० मध्ये करार बाजूला सारून एका डॉक्टरला पळविले म्हणून मेक्सिकोने निषेध केला होता. पस्तीस वर्षांनी प्रक्रिया बाजूला सारण्याचे काम मेक्सिकोनेच केले. कैदी कोण होते हा प्रश्न वेगळा. कायदेशीर प्रक्रियेचा हक्क आरोपीच्या चारित्र्यावर अवलंबून नसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. या द्विपक्षीय धोरणात दबावाचे मुख्य साधन सीमा व व्यापार हेच राहिले. १९४०, १९६९, १९८५ आणि २०२५ या चारही प्रसंगी त्याचा वापर झाला आणि प्रत्येक वेळी मेक्सिकोत सक्तीच्या उपायांना बळ मिळाले.

२. मानवी हक्कांची अट उशिरा आली आणि ती निधीच्या एका हिश्शापुरती मर्यादित राहिली. तिने केवळ घेणाऱ्या राष्ट्राची तपासणी केली. मागणी आणि शस्त्रे पुरविणाऱ्या राष्ट्राची केली नाही.

३. मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांनी सार्वभौमत्वाचा मुद्दा निवडकपणे वापरला. म्हणून हक्कभंगाची सर्व जबाबदारी बाह्य दबावावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

४. टिकाऊ कायदेशीर बदल पीडितांची कुटुंबे, स्थानिक वकील आणि प्रादेशिक न्यायालय यांच्या माध्यमातून झाले.

आणखी एक बाब मोजमापाची आहे. हे धोरण नेहमी हेक्टर, टन आणि अटका यांत मोजले गेले. मे २०२२ मध्ये मेक्सिकोच्या अधिकृत नोंदवहीतील बेपत्ता व्यक्तींची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मरण पावली. सीमेच्या दोन बाजूंच्या या दोन याद्या द्विपक्षीय सहकार्याच्या मूल्यमापनात कधीही एकत्र मांडल्या गेल्या नाहीत. रादिया कुटुंबाने एका नावाचा शोध सोडला नाही म्हणून एका राष्ट्राचा कायदा बदलला. धोरण ठरविणाऱ्यांनी आपले मोजमाप नावांपासून सुरू केले असते, तर १९४० चा प्रयोग एवढ्या लवकर विस्मृतीत गेला नसता, असे म्हणण्यास जागा आहे.